वय माहीत असलेल्या लाकडाचं वय काढताना

माझ्या हातात आलेल्या ओकच्या तुकड्यावर पेन्सिलची बारीक टिंबं होती. दर दहाव्या वलयावर एक टिंब, पन्नासाव्यावर दोन, शंभराव्यावर तीन. सोबतच्या कागदावर पहिल्या आणि शेवटच्या वलयाचं वर्ष लिहिलेलं होतं, दोन्ही इ.स.पू. सातव्या शतकातली. त्यात कुठेही ‘सुमारे’ नव्हतं. प्रत्येक वलयाला त्याचं स्वतःचं वर्ष होतं. आणि माझ्याकडे सोपवलेलं काम असं, की या लाकडाचं कार्बन-१४ पद्धतीने वय काढायचं.

काम कसलं आहे हे ज्याला ज्याला सांगितलं, त्याने हेच विचारलं, की माहीत आहे ते पुन्हा कशाला शोधायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते वलयं कापता कापता.

विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धतीचा गाभा साधा आहे. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होत राहतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून झाडांत जातो, झाडांतून प्राण्यांत. जीव मेला की नवा कार्बन यायचा थांबतो आणि असलेला किरणोत्सारी कार्बन ठरलेल्या गतीने घटत जातो. साधारण ५,७३० वर्षांत निम्मा. उरलेला मोजा, वय सांगा.

यात एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे. सुरुवातीला किती होता ते कोणी सांगायचं? लिबींनी मानलं की हवेतलं प्रमाण कायम सारखंच असणार. पण ते सारखं नसतं. सूर्य जोमात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना अडवतं आणि कार्बन-१४ कमी बनतो. सूर्य मंदावला की जास्त बनतो. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही हजारो वर्षांत कमीजास्त होतं. समुद्र किती कार्बन गिळतो आणि किती सोडतो, तेही बदलत असतं. हेसल द व्ह्रीस यांनी १९५८ मध्येच नेदरलँड्समध्ये दाखवून दिलं होतं की गेल्या काही शतकांतही हे प्रमाण स्थिर नव्हतं.

म्हणजे यंत्र जो आकडा देतं तो तारखेचा आकडा नसतो. उरलेल्या कार्बनचं प्रमाण वर्षांच्या भाषेत लिहिलं, एवढंच. त्यातही जुन्या निकालांशी मेळ राहावा म्हणून आजही लिबींचाच ५,५६८ वर्षांचा जुना अर्धायुकाल वापरायचा करार आहे आणि ‘आज’ म्हणजे १९५० धरायचं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे ऐकून चमत्कारिक वाटतं. मला अजूनही वाटतं.

या आकड्याला खऱ्या वर्षाशी जोडायचं तर ज्याचं वर्ष दुसऱ्याच मार्गाने पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी हवं, आणि तिथे झाडाची वलयं येतात. झाडाचं एक वैशिष्ट्य आपल्या सहज लक्षात येत नाही. झाड जिवंत असलं तरी त्याच्या आतलं जुनं वलय कार्बनच्या हिशेबात केव्हाच मेलेलं असतं. ज्या वर्षी ते वलय बनलं त्या वर्षीची हवा त्याच्या सेल्युलोजमध्ये अडकली आणि दार बंद झालं. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्यांतल्या एका झाडाची वलयं मोजली, तर ते साडेचार हजार वर्षांहूनही जुनं निघालं. तिथल्याच जिवंत आणि वठून पडलेल्या खोडांचे तुकडे जोडत सी. डब्ल्यू. फर्ग्युसन यांनी वलयांची मालिका खूप मागे नेली आणि हान्स झुस यांनी त्या वलयांमधला कार्बन-१४ मोजला.

निकालाने पुरातत्त्वात खळबळ माजली. इ.स.पू. ४००० च्या आसपासचं लाकूड कार्बनच्या कच्च्या हिशेबात सातशे ते आठशे वर्षांनी अलीकडचं दिसत होतं. दुरुस्ती लावल्यावर पश्चिम युरोपातली दगडी थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही मागे गेली. ही कला पूर्वेकडून हळूहळू पश्चिमेला पोचली, हे तोपर्यंतचं लाडकं कथानक कोसळलं. झुस यांच्या आलेखात (एका अक्षावर वलयाचं खरं वर्ष, दुसऱ्यावर कार्बनचं वय) लहान लहान वळवळी होत्या. पुष्कळांनी त्या मोजमापातला गोंधळ म्हणून झटकून टाकल्या. त्या वळवळी खऱ्या होत्या.

माझा तुकडा ज्या काळातला होता तो काळ या क्षेत्रात बदनाम आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या चारशे वर्षांत आलेख जवळजवळ आडवा पडतो. याला हॉलश्टाट पठार म्हणतात. त्याआधी सूर्य बराच काळ मंद होता, हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि मग तो हळूहळू उतरत गेला. त्यामुळे जुन्या लाकडाने सुरुवातच जास्त कार्बन-१४ घेऊन केली, पण त्याला घटायलाही जास्त वेळ मिळाला. नव्या लाकडाने कमी घेऊन सुरुवात केली आणि त्याचा घटला कमी. दोन्ही आज जवळपास सारखेच दिसतात. लोहयुगातल्या चुलीतला कोळसा द्या, यंत्र २,४५० वर्षं म्हणेल, आणि खरं वर्ष इ.स.पू. ७५० ते ४१० मधलं काहीही असू शकेल. एवढ्या काळात राज्यं बसतात आणि उठतात.

पण पठार खरंच सपाट आहे, की आपल्याला तसं दिसतं? जुनी मोजमापं करताना एका नमुन्याला भरपूर लाकूड लागायचं, म्हणून दहा-दहा, वीस-वीस वलयं एकत्र जाळली जात. वर्गाची सरासरी सांगायची आणि मग त्यावरून पहिला कोण आला ते विचारायचं, तसं ते होतं. आता एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो, त्यामुळे एकेक वलय सुटं मोजता येतं. सुटं मोजल्यावर काय सापडू शकतं ते फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. जपानी सीडरच्या वलयांत इ.स. ७७४ ते ७७५ या एकाच वर्षात कार्बन-१४ सुमारे १.२ टक्के वाढलेला होता. १.२ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण या हिशेबात १ टक्का म्हणजे ८० वर्षं. शेजारशेजारच्या दोन वलयांत जवळपास शंभर वर्षांचं अंतर! दहा वर्षांच्या सरासरीत ही उडी सुरकुतीसारखी दिसली असती.

आता माझ्या टेबलाकडे येते. ओकची मालिका कशी उभी राहिली ते आधी सांगायला हवं, कारण वर्षं लिहिलेला तो कागद आकाशातून पडलेला नव्हता. मध्य युरोपात ऱ्हाइन, माइन, डॅन्यूब या नद्यांच्या वाळूखडीत हजारो वर्षं गाडली गेलेली ओकची खोडं सापडतात. कोरडं वर्ष आलं की वलय अरुंद, सुकाळ असला की रुंद, आणि एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांत हा क्रम साधारण सारखा. जिवंत झाडापासून सुरू करून जुन्या तुळया, मग त्याहून जुनी गाडलेली खोडं असं एकाचं टोक दुसऱ्यात अडकवत जर्मनीतल्या ओक आणि पाइनची सलग मालिका बारा हजारांहून अधिक वर्षं मागे गेली आहे. वलयं नुसती मोजून हे जमत नाही. पाइनमध्ये वाईट वर्षाचं वलय एका बाजूला उमटतच नाही, काही जातींत एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. रुंदीचा नमुना पुष्कळ झाडांशी ताडून पाहिल्याशिवाय कुठल्याही वलयाला वर्ष चिकटवत नाहीत.

माझं काम इथून पुढचं. खोडाच्या चकतीतून बोटभर रुंदीची पट्टी काढायची, पृष्ठभाग पात्याने साफ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं वेगळी करायची. ओकचं वलय दोन भागांचं असतं. हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्यांची, चाळणीसारखी दिसणारी ओळ येते. त्यानंतर दाट, गडद लाकूड. सुरुवातीची ती नळ्यांची ओळ झाड पालवी फुटण्याआधीच बांधायला घेतं, आणि त्यासाठी मागच्या वर्षी साठवलेली शर्करा वापरतं. म्हणजे त्या ओळीत गेल्या वर्षीची हवा मिसळलेली. आम्हाला वर्षागणिक फरक बघायचा, म्हणून ती ओळ टाकून द्यायची आणि फक्त मागाहून आलेलं दाट लाकूड ठेवायचं.

बोलायला सोपं. वलय दोन मिलिमीटर रुंद असेल तर हात छान चालतो. पातं धाग्याच्या दिशेने घातलं की पापुद्रा सुटतो, आणि तो सुटताना जो बारीक आवाज येतो त्यावरून सरावाने कळतं की पातं शेजारच्या वलयात घुसलेलं नाही. पण झाडाचे वाईट दिवस आले की वलयं अर्ध्या मिलिमीटरची होतात, आणि अरुंद वलयात दाट लाकूड जवळजवळ नसतंच, नुसत्या नळ्या. तिथे एक मिलिग्रॅम कार्बनपुरतं लाकूड गोळा करायला पट्टीची सगळी लांबी खरवडावी लागते. प्रत्येक वलयानंतर पातं पुसायचं, काच पुसायची, चिमटा पुसायचा. या कामाचं वर्णन शोधनिबंधात एका ओळीत येतं: ‘वलयं पात्याने वेगळी केली.’ मला त्या ओळीचा राग येतो.

कुपीवर वर्ष लिहायचं नाही, सांकेतिक क्रमांक लिहायचा, आणि क्रमही विस्कटायचा. यंत्रावर बसणाऱ्याला कुठली कुपी कुठल्या वर्षाची हे कळता कामा नये. अपेक्षित उत्तर माहीत असलं की माणूस नको तो बिंदू पुन्हा मोजतो आणि हवा तो ठेवून देतो, यासाठी लबाड असावं लागत नाही.

मग रसायनशाळा. लाकडात राळ असते, लिग्निन असतं, मातीतून मुरलेली आम्लं असतात. यातलं बरंचसं त्या वर्षाचं असेलच असं नाही. आम्हाला हवं ते फक्त सेल्युलोज. आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल अशा धुण्या होतात, आणि मग सोडियम क्लोराइटच्या आम्लयुक्त द्रावणात सुमारे ७० अंशांवर विरंजन. धूर खेचणाऱ्या कपाटाची काच खाली ओढून काम करायचं, कारण निघणारा पिवळट वायू घशाला झोंबतो. तपकिरी काड्या आधी लालसर होतात, मग पिवळ्या, आणि शेवटी कुपीच्या तळाशी पांढरा शुभ्र कापूस उरतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याचा तो कापूस मला दर वेळी आवडतो, हे कबूल करते. तो वाळला की मात्र छळतो. कोरड्या हवेत त्याला स्थिर वीज चढते, तो चिमट्याला चिकटतो, कथलाच्या इवल्या डबीत जायचं सोडून बोटमोज्यावर जाऊन बसतो.

इतकी स्वच्छता का, याचा हिशेब एकदा करून बघितला की अंगवळणी पडते. या वयाच्या नमुन्यात फक्त १ टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय तीसेक वर्षांनी कमी येतं. आम्ही शोधत होतो तो फरक त्याच मापाचा होता.

कापूस जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा, तो लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजनच्या सोबतीने तापवून त्याचं ग्रॅफाइट करायचं, आणि ती काळी पूड ॲल्युमिनियमच्या छोट्या दट्ट्यात दाबून बसवायची. हे भाग पुष्कळसे आपोआप होतात, त्यांवर फार बोलण्यासारखं नाही. दट्टे एका चक्रात बसतात. त्यात माझे नमुने असतात, शिवाय कार्बन-१४ पूर्ण संपलेल्या अतिप्राचीन लाकडाचे काही तुकडे, जे माझ्या लाकडासारख्याच सगळ्या धुण्यांतून गेलेले असतात. त्यांत काही सापडलं तर ते आमच्याच हातून आलेलं. आणि असतं तुलनेसाठी प्रमाणित नमुना म्हणून ऑक्झॅलिक आम्ल. जगभर वापरात असलेलं हे आम्ल १९७७ च्या हंगामातल्या फ्रेंच बीटाच्या मळीपासून बनवलेलं आहे. जगातल्या कितीतरी तारखा त्या बीटाच्या पिकाशी तुलना करून ठरतात, याची मला गंमत वाटते.

यंत्रात सिझियमचे आयन ग्रॅफाइटवर आदळतात आणि कार्बनचे ऋणभारित आयन बाहेर पडतात. खरी युक्ती इथे आहे. कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ यांचं वजन जवळपास एक, आणि हवेत नायट्रोजन भरमसाट. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे तो दारातच गळतो. पुढे चुंबकं कार्बनच्या तिन्ही प्रकारांना वेगवेगळ्या वाटांनी वळवतात आणि कार्बन-१४ चे अणू एकेक करून मोजले जातात. आजच्या कार्बनमध्ये एक लाख कोटी अणूंमागे साधारण एक, असं त्याचं प्रमाण. ०.२ टक्के अचूकता हवी तर अडीच लाखांच्या आसपास अणू मोजावे लागतात, आणि तेव्हा कुठे वयातली अनिश्चितता सोळा वर्षांवर येते. रात्रभर पडद्यावर आकडा चढत असतो. तो बघत बसायची काही गरज नसते. सगळे बसतात.

सांकेतिक क्रमांक उघडून बिंदू वर्षांप्रमाणे लावले, तेव्हा आधी दिसलं ते पठारच. वलयामागून वलय जात होतं आणि कार्बनचं वय जागचं हलत नव्हतं. आणि मग इ.स.पू. ६६० च्या दशकात ते एकदम घसरलं. एका वलयाकडून पुढच्या वलयाकडे जाताना वय एका वर्षाने कमी व्हायला हवं, ते काही वलयांत दशकांनी कमी झालं. पुढे कितीतरी वलयं ते सावकाश पूर्वपदावर येत राहिलं, कारण हवेतला जादा कार्बन समुद्रात मुरायला वेळ लागतो.

हा शोध आमचा नव्हे. इ.स.पू. ६६० च्या सुमाराची ही घटना जर्मन ओकमध्ये आधीच नोंदली गेली होती, आणि पुढे तिची वेळ इ.स.पू. ६६४ ते ६६३ अशी नेमकी झाली. सूर्यावरून उसळलेल्या कणांच्या प्रचंड लोटाने हे घडलं असं मानलं जातं. ७७५ ची उडी ताठ आहे, ही तशी नाही. ही अंगाने पसरट आहे, आणि ती का, यावर आमच्याकडे चहापेक्षा वाद जास्त झाले. माझं मत असं, की निव्वळ ओकवरून याचा निकाल लावू नये. कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या थरात बनतो, तो खाली झाडांपर्यंत यायलाच एखाद-दोन वर्षं घेतो. वेगवेगळ्या अक्षांशांवरची झाडं शेजारी मांडल्याशिवाय पसरटपणा घटनेचा की हवेच्या संथपणाचा, हे सुटायचं नाही.

त्याच वर्षांचं लाकूड दुसऱ्या प्रयोगशाळांतही मोजलं गेलं होतं. घसरण सगळ्यांची एकाच वलयांपाशी आली. पातळी मात्र थोडी वरखाली, कोणाची सरासरी पाच वर्षांनी जास्त, कोणाची तितकीच कमी. बातम्यांत ‘अचूक तारीख मिळाली’ असं छापून येतं तेव्हा हा वरखालीपणा कोणी विचारत नाही. पण २०२० चा आलेख, ज्याला इंटकॅल२० म्हणतात, तो अशा अनेक प्रयोगशाळांचे अनेक बिंदू एकत्र तोलूनच काढलेला आहे. साधारण तेरा हजार नऊशे वर्षांपर्यंत तो वलयांवर उभा आहे. त्याही मागे, पंचावन्न हजार वर्षांपर्यंत, तळ्यांतले गाळाचे थर, गुहांतले चुन्याचे खांब आणि प्रवाळ यांच्या आधाराने जातो. दक्षिण गोलार्धाला वेगळा आलेख लागतो, कारण तिकडे समुद्र जास्त आणि त्यातून वर येणारा जुना कार्बन हवेला काही दशकं म्हातारं दाखवतो.

एकेक वलयाच्या या कामाचा उपयोग कुठे होतो याचं माझ्या मते सगळ्यात देखणं उदाहरण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं आहे. लान्स ओ मेडोज इथे नॉर्स (व्हायकिंग) लोकांची वस्ती होती हे माहीत होतं, वर्ष नव्हतं. तिथल्या धातूच्या हत्याराने कापलेल्या लाकडांत ७७५ सारखीच इ.स. ९९३ ची उडी शोधली, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली, आणि तिन्ही लाकडांचं तोडीचं वर्ष आलं १०२१. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, बरोबर हजार वर्षांनी. त्या लाकडाला कुठल्याही ओळखीच्या मालिकेशी जुळवावं लागलं नाही. उडीनेच खुंटी मारून दिली.

म्हणूनच पठाराच्या काळातले नमुने पाठवणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की एकच कोळशाचा खडा पाठवून चमत्काराची वाट पाहू नका. तीस-चाळीस वलयं शाबूत असलेला तुकडा असेल तर तो अखंड पाठवा. त्यातली पाच-सहा वलयं ठरावीक अंतराने मोजली की त्यांचा चढउतार आलेखाच्या चढउतारावर बसवता येतो, आणि साडेतीनशे वर्षांची पट्टी काही दशकांवर येते. नशिबाने ६६४ चा टप्पा त्यात असला तर वर्षावरही येईल. साल किंवा सालीलगतची कड असेल तर ती स्वच्छ करण्याच्या भरात तासून टाकू नका. तोडीचं वर्ष तिथेच असतं, आतलं लाकूड फक्त झाड केव्हा लहान होतं ते सांगतं. आणि अहवालात नुसती दुरुस्त तारीख छापू नका. यंत्राचा कच्चा आकडा, त्याची अनिश्चितता, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि कोणता आलेख लावला हे चारही लिहा. आलेख पुन्हा सुधारला जाणार आहे. कच्चा आकडा हाताशी असेल तर पुढचा माणूस तारीख नव्याने काढेल, नसेल तर त्याला पुन्हा लाकूड मागावं लागेल, आणि ते तोवर जळून गेलेलं असेल.